मज्जेचे रोप रुजले नाही तर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही नव्या कामगार-संहितांवर बोलावे. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही उलट निरोप पाठविला की, यंदा लहान मुलांच्या हाडांतील मज्जेविषयी बोलू द्याल तर येतो. चालक थोडे बुचकळ्यात पडले; पण नाही म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पालेगावात त्या संध्याकाळी जे बोललो तेच येथे जरा जुळवून लिहून देत आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले. ‘मज्जा’ हा शब्द आम्ही प्रथम शिकलो तो बेन्झीनमुळे. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक पट्ट्यात काम करणाऱ्याला हे ठाऊक असावे लागते की, बेन्झीनची वाफ वर्षानुवर्षे अंगात गेली तर हाडांतली मज्जा सुकते आणि रक्त तयार होणे थांबते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळविलेच पाहिजेत अशा रोगांत, बेन्झीनची विषबाधा होती. त्या वेळी नगरपालिकेच्या वाचनालयात शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचले, ते पुढे अगदी निराळ्या कामी आले.

आमच्या युनियनचा एक सभासद मूळचा पालेगावचाच. त्याच्या मुलीला थॅलेसेमिया. सातव्या वर्षी मुंबईच्या एका इस्पितळात तिच्यावर मज्जा-प्रत्यारोपण झाले. मज्जा दिली तिच्या दहा वर्षांच्या भावाने. तीन महिन्यांनी ती मज्जा टिकली नाही असे कळले. त्या रात्री तिची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, डॉक्टर बोलले, पोरीच्या अंगानं मज्जा नाकारली. माझ्या पोरीनंच नाकारली म्हणायची का?” याहून कठीण गोष्ट तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलाची होती. तो काही विचारीत नव्हता. दोन दिवस तो जेवला नव्हता. आपली मज्जा वाईट निघाली, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

आमचे सारे सांगणे खरे म्हणजे त्या मुलासाठी आहे.

थॅलेसेमिया म्हणजे काय हे उल्हासनगर-अंबरनाथ भागात समजावून सांगावे लागू नये, पण लागते. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते बनविण्याची कृती आईकडून एक व बापाकडून एक अशी दुहेरी मिळते. एक कृती सदोष असली तर माणूस धडधाकट असतो; त्याला वाहक म्हणतात, आणि बहुधा त्याचे त्यालाही ठाऊक नसते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणी चारांत एक अशी शक्यता असते की, मुलाला दोन्ही सदोष कृती मिळतील. असे मूल वर्षाच्या आत फिकट पडू लागते आणि त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. चढविलेल्या रक्तातले लोह शरीराबाहेर पडत नाही. ते यकृतात, हृदयात साचते. म्हणून लोह काढण्याचे औषध रोज, जन्मभर.

हा रोग सिंध्यांचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जे निर्वासित आले व ज्यांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, त्या समाजात वाहकांचे प्रमाण जास्त आहे हे खरे. पण भारतभर धरले तरी शंभरांत तीन-चार माणसे वाहक आहेत, आणि त्यांत सर्व जाती येतात. आमचा सभासद पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेल्या घरातला आहे. लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या आरंभी रक्ताची एक तपासणी केली तर वाहक कळतात. ती तपासणी कोणी करवीत नाही. पत्रिका मात्र सारे पाहतात.

या रोगातून कायमचे सोडविण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे दुसऱ्याची निरोगी मज्जा देणे. भारतातले पहिले यशस्वी मज्जा-प्रत्यारोपण १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल इस्पितळात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रोग रक्ताच्या कर्करोगापैकी होता. रोगी एक लहान मुलगी, दाता तिचा भाऊ. थॅलेसेमियासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ पासून हे काम चालू आहे. बोरिवलीला मुंबई महानगरपालिकेचे खास मुलांसाठी केंद्र २०१८ पासून आहे, हे ऐकून आमच्या श्रोत्यांतील अर्धे लोक चकित झाले. अंबरनाथहून दादरला उतरून गाडी बदलली की बोरिवली. पण माहिती एवढा प्रवास करीत नाही.

आता मज्जा रुजते कशी ते पाहू. आपल्या ठाणे जिल्ह्यातला शेतकरी वैशाखात राब भाजतो. कवळ, शेण, पालापाचोळा पसरून आग लावतो, म्हणजे तणाचे बी जळते आणि मग पेरलेल्या भाताला जागा मोकळी मिळते. प्रत्यारोपणाआधी आठवडाभर मुलाला अतिशय जहाल औषधे देतात, ती अशीच राब भाजण्याची क्रिया होय. त्यात दोन कामे होतात. मुलाची जुनी, रोगी मज्जा निघून जागा मोकळी होते; आणि परक्या पेशी ओळखून मारणारे शरीराचे पहारेकरी, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, तेही निकामी होतात. यानंतर दात्याची मज्जा पिशवीतून शिरेत सोडतात. पुष्कळ आईबापांना वाटते की काही मोठे ऑपरेशन होईल; प्रत्यक्षात रक्त चढविण्यासारखेच दिसते. त्यातील मूलपेशी रक्तातून फिरत आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात. हे त्यांना कसे कळते याचे आम्हांस अजून नवल वाटते.

मग वाट पाहणे. मज्जा दिली तो दिवस शून्य. पुढे दोन-तीन आठवडे पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. मूल बंद खोलीत, साध्या तापानेही जीव जाईल अशा स्थितीत असते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे घनमिलिमीटरमध्ये, ५०० च्या वर जाऊन ओळीने तीन दिवस टिकल्या की रोप रुजले असे धरतात. २८ व्या दिवसापर्यंतही तसे झाले नाही तर ते रुजलेच नाही असे म्हणतात. नाळेच्या रक्तातील पेशी दिल्या असतील तर ४२ दिवसांपर्यंत थांबतात, कारण त्या सावकाश वाढतात.

हा झाला अपयशाचा एक प्रकार. दुसरा असा की, रोप आधी रुजते, आकडे वर येतात, मूल घरी जाते, पेढे वाटले जातात, आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ते हळूहळू उखडले जाते. आमच्या सभासदाच्या मुलीचे हेच झाले. तिसरा प्रकार वरून तसाच दिसतो पण आतून निराळा आहे: तपासणीत पेशी सगळ्या दात्याच्याच निघतात, म्हणजे रोप जिवंत आहे, परंतु पीक देत नाही; आकडे खालीच राहतात. तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून नुसते ‘फेल गेले’ एवढ्या शब्दावर घरच्यांनी समाधान मानू नये. कोणत्या प्रकारे गेले, हे विचारावे.

हे ओळखण्याची एक सुरेख तपासणी आहे. रक्तातल्या पेशींतील किती टक्के दात्याच्या आणि किती मुलाच्या स्वतःच्या, हे वांशिक द्रव्याच्या खुणांवरून मोजतात. दाता मुलगा व रोगी मुलगी असेल तर पुरुषाच्या पेशीतील वाय गुणसूत्र शोधले तरी चालते. इटलीतील पेसारो या गावी डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांनी १९८१ पासून थॅलेसेमियाच्या शेकडो मुलांना मज्जा दिली. त्यांच्या अनुभवातून या टक्क्यांचा अर्थ कळला. पहिल्या दोन महिन्यांत मुलाच्या स्वतःच्या पेशी शंभरांत पंचविसाच्या वर असल्या तर बहुतेक सर्व रोपे पुढे गेली. दहाच्या खाली असल्या तर बहुतेक टिकली. आणि गंमत अशी की, मिश्र स्थितीतच वर्षानुवर्षे स्थिर राहिलेली मुलेही निघाली. दात्याच्या पेशी वीस-तीस टक्केच, तरी त्यांना बाहेरचे रक्त लागत नाही. कारण दात्याची तांबडी पेशी पूर्ण आयुष्य जगते, थॅलेसेमियाची अर्ध्या वाटेत मरते.

रोप का उखडते? पुष्कळदा दाता व रोगी यांचे एचएलए, म्हणजे पेशींवरील ओळखचिन्हे, पूर्ण जुळत नाहीत. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. कधी मूलपेशी कमी पडतात: मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण ३० कोटी पेशी मिळाव्यात असे पाहतात, आणि दाता लहान असला तर त्याच्या अंगातून फार मज्जा काढता येत नाही. कधी विषाणूचा संसर्ग, कधी एखादे औषधच मज्जेला दाबते. कधी प्लीहा इतकी मोठी असते की नव्या पेशी तिथेच अडकतात. परंतु थॅलेसेमियात मुख्य कारण हे की, काही जुने पहारेकरी औषधांतून वाचतात आणि ते आधीच चिडलेले असतात. सात वर्षांत त्या मुलीला शंभरावर पिशव्या रक्त चढले होते. शंभर परक्यांशी गाठ पडलेला पहारेकरी एकशे एकाव्याला सहज आत सोडीत नाही. मुलीने नाकारले नाही, आणि भावाच्या मज्जेत खोट नव्हती. त्या मुलाला आम्ही हे तीन वेळा, तीन प्रकारांनी सांगितले, तिसऱ्या वेळी त्याने विचारले, “मग पहारेकऱ्यांना कोणी सांगितलं का नाही, की हा घरचाच आहे म्हणून?” प्रश्न बिनतोड होता. सारे शास्त्र त्याच खटपटीत आहे.

येथे आमचीच एक चूक सांगावयाची आहे. मुलीला रक्त लागते म्हणून आमच्या युनियनने रक्तदात्यांची यादी केली होती, आणि त्यात तिचे दोन काका व मामा मोठ्या हौसेने पहिले होते. त्यांचे रक्त तिलाच मिळावे अशी तजवीज आम्ही खटपट करून केली. घरचे रक्त ते चांगले, ही आमची समजूत. ज्या मुलावर पुढेमागे प्रत्यारोपण व्हावयाचे आहे त्याला जवळच्या नातलगांचे रक्त देऊ नये, हे आम्हांस फार उशिरा कळले. कारण घरच्यांची ओळखचिन्हे पहारेकऱ्यांना आधीच दाखविली जातात आणि ते त्यांच्याविरुद्ध तयार होतात. नातलगांनी रक्तपेढीला अवश्य द्यावे. मुलाला दुसऱ्याचे चढावे, आणि तेही पांढऱ्या पेशी गाळून. आमच्या त्या उद्योगानेच रोप गेले असे कोणी म्हटले नाही, म्हणता येणारही नाही. पण ती यादी आम्ही फाडून टाकली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पेसारोच्या डॉक्टरांनी मुलांचे तीन वर्ग पाडले. यकृत वाढलेले, यकृतात कठीण तंतू झालेले, आणि लोह काढण्याचे औषध अनियमित घेतलेले: हे तिन्ही दोष असले तर मूल तिसऱ्या वर्गात. या वर्गातील मुलांना जहाल औषधे सोसत नाहीत म्हणून मात्रा कमी केली, तर रोपे नाकारण्याचे प्रमाण शंभरांत तीसच्या घरात गेले. मग त्यांनी प्रत्यारोपणाआधी महिना-दीड महिना मज्जा व पहारेकरी दोन्ही दाबणारी सौम्य औषधे देण्याची रीत काढली आणि ते प्रमाण दहाच्या खाली आणले. वेल्लोरला असे आढळले की, आपल्याकडे तिसऱ्या वर्गातही सात वर्षांवरील, फार मोठ्या यकृताची मुले आणखी कठीण; त्यांच्यासाठी त्यांनी ट्रिओसल्फान, थायोटेपा, फ्लुडाराबीन अशी निराळी औषधयोजना वापरली व पुष्कळ मुले वाचविली. शास्त्राने याला तिसरा वर्ग म्हटले. औषध अनियमित का घेतले, हे ज्याने ठेकेदारी कामगाराचे घर पाहिले आहे त्याला विचारावे लागत नाही. आम्ही त्याला गरिबीचा वर्ग म्हणतो.

आता उपायांकडे येऊ. सर्वांत भयंकर स्थिती म्हणजे नवे रुजले नाही आणि जुनेही परत आले नाही. हाडे रिकामी. येथे दिवस मोजावे लागतात. जंतू व बुरशीविरुद्धची औषधे, पांढऱ्या पेशी वाढविणारी जी-सीएसएफची इंजेक्शने, किरणोत्सर्ग देऊन निर्धोक केलेले रक्त व बिंबाणू, हे सर्व चालू ठेवून दुसऱ्या प्रत्यारोपणाची तयारी लगेच सुरू करतात. काही ठिकाणी सावधगिरी म्हणून मुलाची स्वतःची मज्जा आधीच गोठवून ठेवतात. ती परत दिली तर रोग परत येतो, पण मूल जगते. ती नसेल तर दाता ताबडतोब हवा, आणि आज तो बहुधा घरातच सापडतो. आईची व बापाची चिन्हे मुलाशी निम्मी जुळतातच. अशी निम्मी जुळणारी मज्जा देऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध दिले की एकमेकांवर उठणाऱ्या पेशी मरतात आणि मूलपेशी बचावतात. या युक्तीने निम्म्या जुळणीची प्रत्यारोपणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सुरक्षित झाली. मात्र मुलाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिद्रव्ये आहेत का, हे आधी तपासावे लागते. दुसऱ्या वेळी राब पहिल्यासारखा भाजता येत नाही; शरीर थकलेले असते. म्हणून पहारेकऱ्यांवर रोख असणारी सौम्य औषधे, कधी थोडा किरणोत्सर्ग.

रोप जिवंत पण पीक नाही, तेथे आधी संसर्ग व औषधे तपासतात. मज्जा दाबणारे औषध बदलले तरी पुष्कळदा भागते. न भागले तर त्याच दात्याच्या मूलपेशींची आणखी एक मात्रा, पुन्हा राब न भाजता, देतात. शेतात विरळ जागी पुन्हा आवण खोचावे तसे हे आहे.

आणि टक्के घसरू लागले असतील तर प्रतिकार दाबणाऱ्या औषधांची मात्रा बदलून पाहतात, किंवा दात्याचे लिम्फोसाइट थोडेथोडे देतात. यात धोका असा की, दात्याचे पहारेकरी जास्त माजले तर ते मुलाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उठतात. मुलीला अशा दोन मात्रा दिल्या. उपयोग झाला नाही. तिची जुनी मज्जा परत आली. ज्या मज्जेचा आम्ही इतके दिवस धिक्कार केला तिनेच तिला जगविले, ही गोष्ट विसरता येत नाही.

पूर्वीही असे घडलेले आहे. १९५८ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात होऊन सहा जणांना किरणोत्सर्ग बाधला. त्यांना पॅरिसला नेले. डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांतील पाच जणांना अनोळखी फ्रेंच माणसांची मज्जा दिली. एक दगावला, इतर वाचले. ती परकी मज्जा कायमची टिकली नाही. पण त्यांची स्वतःची मज्जा सावरेपर्यंत वेळ निघून गेला. कामावरचा अपघात म्हणून आम्ही हे प्रथम वाचले होते; न रुजलेल्या रोपाचाही उपयोग होऊ शकतो, हे त्यात लिहिलेले असूनही तेव्हा ध्यानात आले नव्हते.

जुनी मज्जा परत आलेल्या मुलांना दुसऱ्या प्रत्यारोपणाची घाई नसते. पहिल्या औषधांचा मारा ओसरावा म्हणून बहुधा निदान एक वर्ष थांबतात. ते वर्ष वाया जात नाही: लोह नेटाने काढावयाचे, यकृत सुधारावयाचे. परंतु आमच्या सभासदाच्या घरी त्या वर्षाची खरी अडचण पैशाची होती. पहिल्या वेळी आम्ही वर्गणी काढली, दोन कारखान्यांत एक दिवसाचा पगार जमविला आणि सगळाच्या सगळा खर्च केला. रोप रुजणार हे धरूनच हिशेब केला होता. दुसऱ्यांदा मदतीचा अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो तर समोरचा गृहस्थ म्हणाला, “एकदा दिले ना?” जणू आम्ही तीच सायकल दुसऱ्यांदा चोरीस गेली म्हणून तक्रार करीत होतो! कोल इंडियाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या योजनेतून थॅलेसेमियाच्या मुलाच्या प्रत्यारोपणास दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळू लागली, ही फार मोलाची गोष्ट. खाणकामगारांच्या घामातून आलेला पैसा मुलांच्या हाडांत जातो, याचा आम्हांस अभिमानही वाटतो. पण वर्गणी काढणाऱ्यांनी, योजना आखणाऱ्यांनी आणि घरच्यांनीही पहिल्याच दिवशी दुसऱ्या खेपेचा हिशेब मांडला पाहिजे. डॉक्टरांना आधीच विचारावे: न रुजले तर राखीव पेशी आहेत का, दुसरा दाता कोण, त्याची तपासणी आताच करून ठेवाल का, टक्क्यांची तपासणी कधीकधी होणार आणि तिचे पैसे वेगळे का? हे अपशकुनी प्रश्न नव्हेत. भात लावणारा माणूस थोडे आवण जास्तीचे राखून ठेवतो, ते पीक बुडावे म्हणून नव्हे.

आणि दात्या भावंडाशी आधी बोलावे. न रुजले तर तो दोष तुझा नसेल, हे सुई टोचण्यापूर्वी सांगावे; नंतर सांगितलेले त्याला खरे वाटत नाही.

मुलीचे दुसरे प्रत्यारोपण चौदा महिन्यांनी झाले. दाता पुन्हा तोच भाऊ. औषधयोजना निराळी, आणि आधी दीड महिना पहारेकरी दाबून ठेवण्याची. मज्जा घेण्यासाठी त्याला दुसऱ्यांदा बेशुद्ध करावयाचे की नाही, हे त्याच्यावर कोणी लादले नाही. त्याने एक रात्र मागितली आणि सकाळी हो म्हटले. अठराव्या दिवशी न्यूट्रोफिल ५०० च्या वर गेले. त्यानंतर टक्के ८८ वरून ७१ वर घसरले, तेव्हा आम्हां सर्वांचे पाय लटपटले. पुढे ६४, ६६, ६१, ६४. गेले अकरा महिने तिला बाहेरचे रक्त लागलेले नाही. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षे पुरी झाल्यावाचून काही बोलू नये. पुढची तपासणी श्रावणात आहे. टक्क्यांचा आकडा आला की भाऊ तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली, लाल शाईने लिहून ठेवतो.